हरवलेली देवयानी

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, बखरी आणि दप्तरखान्यांतील रुमाल उभे राहतात. त्यांचा नाश झाला तर आपण काळाला दोष देतो. परंतु असंख्य प्रेक्षकांनी पाहिलेली कृती थोड्याच वर्षांत नाहीशी व्हावी, आणि तीही निर्मात्या संस्थेच्याच हातून, हे नवल विसाव्या शतकाने दाखविले. जबलपुरातील आम्हां विज्ञानकथाप्रेमी मंडळींत ज्या जुन्या दूरचित्रवाणी-मालिकेवर वारंवार वाद रंगतो, तिची हकीकत अशीच आहे.

मालिकेचे नाव 'ए फॉर अँड्रोमेडा'. अँड्रोमेडा म्हणजे आपली देवयानी. 1961 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बी.बी.सी.ने ती सात भागांत दाखविली. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि जॉन इलियट हे तिचे लेखक. देवयानीच्या दिशेने आलेला रेडिओ-संदेश उलगडताच त्यातून एका गणकयंत्राचा आराखडा निघतो. आणि उभारलेले ते यंत्र शास्त्रज्ञांकडूनच एक मानवी देह घडवून घेते. संदेश पाठविणारा मित्र की शत्रू, हा कथेतील पेच. आसामातील चहाच्या मळ्यात जन्मलेल्या ज्यूली ख्रिस्टी या अभिनेत्रीने ती यंत्रनिर्मित स्त्री रंगविली.

हॉइल हे नाव मराठी वाचकांस परके नाही. कोल्हापुरास 1938 साली जन्मलेले आणि काशीस वाढलेले जयंत नारळीकर 1957 साली केंब्रिजला गेले व हॉइल यांचे शिष्य झाले. मालिका दाखविली जात होती तेव्हा ते त्यांच्याच हाताखाली संशोधन करीत होते. पुढे 1964 साली गुरुशिष्यांचा गुरुत्वाकर्षणविषयक सिद्धान्त गाजला. शास्त्रज्ञाने कथा लिहिण्यात कमीपणा नाही, हा धडा गुरूने स्वतःच्या उदाहरणाने घालून दिला होता. 'कृष्णविवर' ही नारळीकरांची कथा 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने गेली. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीतही अज्ञात संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानातून यंत्रे घडतात. काशीहून मुंबईस जाणारा लोहमार्ग ज्या गावावरून जातो, तेथील मराठी माणसाला या घराण्याविषयी आपलेपणा वाटावा हे स्वाभाविकच होय.

मालिकेचे पुढे काय झाले? त्या काळी चुंबकीय फीत महाग होती, आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. नटांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. प्रेक्षक पुढेमागे असे खेळ विकत घेऊन घरी पाहतील, ही कल्पनाच नव्हती. तेव्हा हिशोब सरळ होता: फीत मोलाची, तिच्यावरील चित्र नव्हे. लखनौस जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी बहुतांशी दिग्दर्शित केलेल्या 'डॉक्टर हू' मालिकेतील 'मार्को पोलो' (1964) या कथेची चित्रेही अशीच पुसली गेली; तिचा ध्वनी मात्र वाचला, तो प्रेक्षकांनी घरी मुद्रित करून ठेवल्यामुळे.

देवयानीचा सहावा भाग 2005 साली परत हाती आला. संपूर्ण असा तेवढाच. 2006 साली निघालेल्या तबकडीवर तो भाग, इतर भागांचे वाचलेले तुकडे आणि पडद्यावरून टिपलेली स्थिरचित्रे जोडून केलेली पुनर्रचना आहे.

आमच्यातील वाद येथेच सुरू होतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, ही मालिका नव्हे, तिचे श्राद्ध आहे. अभिनय हालचालीत असतो, छायाचित्रात नव्हे. दुसरा पक्ष भेडाघाटकडे बोट दाखवितो. चौसष्ट योगिनींच्या मूर्ती भंगलेल्या आहेत, म्हणून कोणी पायऱ्या चढावयाचे सोडले आहे काय? आमच्या मते दोघांचेही खरे आहे. रसिकाचे समाधान या तबकडीने होणार नाही; इतिहासकाराला मात्र ती अनमोल आहे. मूळ कृती आणि तिचे साधन यांतील भेद ओळखला म्हणजे झाले.

इंग्रजांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. 1931 च्या 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही, आणि पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघावयास 1964 साल उजाडले. जतनाचे काम संस्थांचे आहे, हे खरे. परंतु संस्था हिशोबाने चालतात आणि तो हिशोब चुकतो तेव्हा कोणा चाहत्याच्या माळ्यावरची पेटी उपयोगी पडते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत अशा पेट्या पुष्कळ आहेत: नाट्यप्रयोगांच्या ध्वनिफिती, गणेशोत्सवांची चित्रणे, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक. त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे.