प्राणिसंग्रहालयातला वाघ बरा आहे की नाही, हे कसं ओळखतात?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एका बिबट्याचा मृत्यू झाला. त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासल्यावर बर्ड फ्लूचं, म्हणजे एच५एन१ विषाणूचं निदान झालं. खाण्यात आलेल्या कोंबडीच्या मांसातून हा संसर्ग झाला असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला.

या घटनेनंतर एक जुनाच प्रश्न पुन्हा समोर आला. बंदिस्त प्राण्याचं अन्न, पाणी, जागा, सोबत, औषधं हे सगळं माणूस ठरवतो. मग त्या प्राण्याचं नीट चाललंय ना, हे कोण तपासतं आणि कसं?

भारतात देखरेख कोण करतं?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. १९९१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडलं गेलं आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. या प्राधिकरणाची मान्यता असल्याशिवाय देशात कुणालाही प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातल्या व्याख्येत बचाव केंद्रं आणि प्रजनन केंद्रंही स्पष्टपणे आली आहेत.

मान्यतेचे निकष २००९ च्या नियमांत दिले आहेत. पिंजऱ्याचा आकार, पशुवैद्यकीय सोय, प्राण्यांच्या नोंदी, आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांना बंदी अशा गोष्टी त्यात येतात. त्याच वर्षी प्राधिकरणाने हत्तींना प्राणिसंग्रहालयात आणि सर्कशीत ठेवण्याला मनाई केली. मोठ्या अंतरावर फिरणाऱ्या या प्राण्याला तिथे पुरेशी मोकळीक मिळूच शकत नाही, हे त्यामागचं कारण.

प्राधिकरण आता देशातल्या प्राणिसंग्रहालयांच्या व्यवस्थापनाचं मूल्यमापनही करतं. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या क्रमवारीत दार्जिलिंगचं पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय पहिलं, चेन्नईजवळचं वंडलूर दुसरं आणि म्हैसूर तिसरं आलं होतं.

'पोट भरलंय' एवढं पुरेसं आहे का?

नाही. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये पाळीव पशूंसाठी 'पाच स्वातंत्र्यं' मांडली गेली. भूक-तहान, गैरसोय, दुखणं आणि भीती यांपासून मुक्ती, तसंच नैसर्गिक वागण्याची मोकळीक ही ती पाच. पुढे १९९४ मध्ये न्यूझीलंडचे संशोधक डेव्हिड मेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने पाच क्षेत्रांचं मॉडेल मांडलं. आहार, परिसर, आरोग्य आणि वर्तन या चार गोष्टींचा परिणाम पाचव्यावर, म्हणजे प्राण्याच्या मनःस्थितीवर होतो, असं हे मॉडेल सांगतं.

फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या पद्धतीत त्रास नाही ना, एवढंच पाहिलं जातं. दुसऱ्या पद्धतीत प्राण्याला काही चांगलं अनुभवायला मिळतंय का, हेही विचारलं जातं. जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांची संघटना 'वाझा' हिने २०१५ च्या आपल्या धोरणात हेच मॉडेल स्वीकारलं.

प्राण्याची मनःस्थिती मोजायची कशी?

प्राणी बोलत नाही, म्हणून पुरावे गोळा करावे लागतात. सगळ्यात साधी पद्धत निरीक्षणाची. आधी झोपणं, चालणं, खाणं, खेळणं, लपणं अशा वर्तनांची यादी करतात. मग ठरावीक मिनिटांनी पाहून प्राणी त्या क्षणी काय करतोय, ते लिहून ठेवतात. अनेक दिवसांच्या नोंदी जुळवल्या की त्याची दिनचर्या कळते आणि त्यात झालेला बदलही.

वाघ पिंजऱ्याच्या एकाच कडेने तासन् तास फेऱ्या मारतो किंवा अस्वल सतत डोकं हलवतं. यामागे काही हेतू नसतो. अशा वर्तनाला 'स्टिरिओटिपी' म्हणतात. २००३ मध्ये रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी दाखवून दिलं की, निसर्गात लांबवर फिरणाऱ्या मांसाहारी प्राण्यांमध्ये हे प्रमाण जास्त असतं. ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या नैसर्गिक वावरक्षेत्राच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकीच असते.

दुसरा पुरावा विष्ठेत सापडतो. ताण वाढला की शरीरात काही संप्रेरकं वाढतात आणि त्यांचे अंश विष्ठेतून बाहेर पडतात. त्यामुळे प्राण्याला हात न लावता, भूल न देता तपासणी करता येते. मात्र आजारपण, माजाचा काळ किंवा साधी उत्तेजना यांमुळेही ही पातळी बदलते. त्यामुळे एका अहवालावरून निष्कर्ष काढता येत नाही, तो निरीक्षणाशी ताडून पाहावा लागतो.

सुधारणा कशी होते?

नेहमी मोठा खर्च लागतोच असं नाही. मांस एकाच जागी टाकण्याऐवजी लपवून ठेवणं, ओंडके, पाण्याची डबकी, नवे वास, प्रेक्षकांच्या नजरेआड जाता येईल अशी जागा, अशा उपायांना 'एनरिचमेंट' म्हणतात. काही ठिकाणी वाघांना जाळीशी शेपूट आणून द्यायला शिकवतात. त्यामुळे बेशुद्ध न करता रक्ताचा नमुना घेता येतो.

भारतातल्या सहा प्राणिसंग्रहालयांमधल्या वाघ-बिबट्यांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिंजऱ्यातल्या पाण्याच्या आणि झाडांच्या सोयीबरोबरच प्राणिपालाच्या वृत्तीचाही संबंध प्राण्यांच्या ताणाशी दिसला. रोज सकाळी पिंजऱ्यापाशी जाणाऱ्या माणसालाच बदल सगळ्यात आधी कळतो. त्याचं म्हणणं नोंदवहीत आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचतं का, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

प्रेक्षकांनी काय करावं?

प्राण्यांना डिवचणं, खायला टाकणं, आरडाओरडा करणं हा कायद्याने गुन्हा आहे. झोपलेल्या वाघाला उठवण्यासाठी काच किंवा जाळी वाजवणंही यातच येतं. एखादा प्राणी सतत फेऱ्या मारताना किंवा स्वतःचे केस-पिसं उपटताना दिसला, तर वेळ आणि पिंजरा लक्षात ठेवून कर्मचाऱ्यांना सांगावं. प्राणी दिसलाच नाही तर तिकिटाचे पैसे वाया गेले असं वाटणं साहजिक आहे. पण लपायला जागा आहे आणि ती प्राणी वापरतोय, हे त्या पिंजऱ्याबद्दलचं चांगलं लक्षण असू शकतं.