लाइम, वनौषधी आणि ‘तजुर्बा’

उर्दूतल्या ‘तजुर्बा’ या शब्दासाठी मराठीत दोन शब्द लागतात, ‘अनुभव’ आणि ‘प्रयोग’. दोन्ही भाषा शिकवताना मी हा फरक मुलांना नेहमी सांगते. एका आजाराचा इतिहास वाचताना हाच फरक किती महत्त्वाचा ठरू शकतो, हे मला नव्याने कळलं.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं छोटं गाव आहे. पॉली मरी ही चित्रकार बाई आपल्या कुटुंबासह तिथे राहत असे. घरात कुणाचे सांधे सुजायचे, कुणाच्या अंगावर चट्टे उठायचे. कितीतरी डॉक्टर झाले, पण निदान होईना. उलट हे सगळं मनाचं आहे, असंही तिला सुचवलं गेलं. तिने खचून न जाता नोंदी ठेवल्या. परिसरातली इतर मुलंही अशीच आजारी आहेत हे दिसल्यावर १९७५ मध्ये तिने आरोग्य खात्याला कळवलं. येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टीर यांनी तपास केला. ३९ मुलं आणि १२ मोठी माणसं, अशा ५१ रुग्णांची माहिती १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखा जिवाणू सापडला. त्यांच्याच नावावरून त्याला ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ म्हणतात.

गोचीड चावून होणारा हा आजार बहुतेकांचा काही आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरा होतो. पण शंभरातल्या पाच ते दहा जणांचा थकवा, अंगदुखी आणि डोकं न चालणं उपचारानंतरही महिनोन्‌महिने राहतं. जिवाणू शरीरात दडून राहतो की शरीराची प्रतिकारव्यवस्थाच बिघडते, यावर अजून एकमत नाही. मग औषध जास्त दिवस द्यावं का? अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत नव्वद दिवस प्रतिजैविकं देऊन पाहिली. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या २८० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. दोन्हीकडे लांबलेल्या उपचाराचा जास्तीचा फायदा दिसला नाही. शिरेतून दीर्घकाळ औषध देताना जीवघेणे संसर्ग झाल्याच्या नोंदी मात्र आहेत.

अशा वेळी रुग्ण वनस्पतींकडे वळले, यात नवल नाही. अमेरिकन वनौषधीतज्ज्ञ स्टीफन बुनर यांचं ‘हीलिंग लाइम’ हे पुस्तक २००५ मध्ये आलं आणि अनेकांचा आधार बनलं. जपानी नॉटवीड, कॅट्स क्लॉ आणि आपल्याकडे कालमेघ म्हणून ओळखली जाणारी कडू वनस्पती, या तिघींना त्यात मुख्य स्थान होतं. बरं वाटल्याचं कित्येकांनी सांगितलं. हा झाला अनुभव.

२०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा चौदा वनौषधी व इतर पदार्थांना प्रयोगशाळेत जिवाणूसमोर उभं केलं. सात वनस्पती प्रभावी ठरल्या. त्यांत नॉटवीड आणि कॅट्स क्लॉ होत्या, काळा अक्रोड होता, आणि पश्चिम आफ्रिकेत हिवतापावर वापरलं जाणारं क्रिप्टोलेपिसही होतं. क्रिप्टोलेपिसच्या अर्काने तर जिवाणू पुन्हा वाढूच दिला नाही. डॉक्सिसायक्लिनला त्याच चाचणीत ते जमलं नव्हतं. कालमेघाचा मात्र जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही.

बातमी आनंदाची होती, पण हे सगळं घडलं काचेच्या भांड्यात. पोटात गेलेला अर्क पचतो, यकृतातून जातो, रक्तात किती उरतो आणि शरीराला किती सोसतो, हे भांडं सांगत नाही. शिवाय रुग्णाच्या शरीरात जिवाणू उरलाच नसेल, तर त्याला मारणारी वनस्पती काय करणार?

हजार वर्षांपूर्वी इब्न सीना यांनी ‘अल्-कानून’च्या दुसऱ्या खंडात औषध पारखण्याच्या अटी घालून दिल्या आहेत. औषध गुंतागुंतीच्या नव्हे, साध्या आजारावर आजमावावं. गुण एकदाच नाही, तर पुन्हा पुन्हा दिसावा, नाहीतर तो योगायोग असू शकतो. आणि शेवटची अट अशी की पारख माणसाच्या शरीरावरच व्हावी, कारण प्राण्यावर दिसलेला गुण माणसावर दिसेलच असं नाही. लाइमच्या वनौषधी अजून या शेवटच्या अटीपाशी अडलेल्या आहेत.

ही अट पार करता येते. त्या सातांमधलीच एक वनस्पती आर्टेमिसिया ॲनुआ. चीनच्या तू योयो यांनी जुन्या ग्रंथातल्या सूचनेवरून तिचा अर्क थंड पद्धतीने काढला, प्राण्यांवर तपासला, १९७२ मध्ये स्वतः घेऊन पाहिला आणि मग हिवतापाच्या रुग्णांना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ मध्ये नोबेल. पण ती पारख हिवतापासाठी होती. लाइमसाठी ती नव्याने करावी लागेल.

म्हणून अर्कांच्या बाटल्यांवर ‘संशोधनाने सिद्ध’ असं लिहिलेलं दिसलं, तर विचारावं: भांड्यात की माणसात? आणि असं काही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नये. पण रुग्णाला ‘तुझ्या मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांनीही पॉली मरी आठवावी. तिचा अनुभव कुणीतरी मनावर घेतला, म्हणूनच पुढचे सगळे प्रयोग झाले.