दिंडीच्या वाटेवरचा नारू

दिंडीला शंभर वर्षं झाली, तेव्हा मंडळी म्हणाली, बुवा, जुनं काही लिहा. मी चौथी शिकलेला, शेती नि कीर्तन करणारा. थोरामोठ्यांचं दुसरे लिहितील. मी पाण्याचं लिहितो.

माझे चुलते दिंडीत वीणा घ्यायचे. एका साली आषाढीच्या तोंडावर त्यांना नारू झाला. घोट्याजवळ फोड आला, फुटला, नि आत पांढरा दोरा दिसाय लागला. आजी रोज तो काडीला गुंडाळायची, बोटबोटभर. ओढला तर तुटतो नि पाय सुजून पिकतो. पेरणी गेली, वारी चुकली. लोक म्हणाले, भोग आहे. मीबी तेच मानलं.

भोग नव्हता, पाणी होतं. तवा मुक्कामाला पायऱ्यांची बारव असायची. आपण खाली उतरून पाय धुवायचो, तेच पाणी प्यायचो. नारूचा फोड पाण्यात बुडला की हजारो बारीक पिल्लं पाण्यात सुटतात. ती पाणपिसू गिळते. पिसूसकट पाणी पोटात गेलं की पिसू मरते, पिल्लू आतड्यातून अंगात शिरतं, नि वर्षाभरानं दीड-दोन हातांचा नारू होऊन पायातून निघतो. म्हंजे एका गावचा नारू दुसऱ्या गावी आपल्याच पायांनी गेला असंल. हे लिहिताना हात जड होतो. पण इतिहासात आपली चूकबी लिहावी.

नारूवर औषध नाही, लस नाही. पाणीच सुधारावं लागलं. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर नि हापसे वाढले. आपल्या सोलापुरी हापश्याच्या धर्तीवरच पुढं 'इंडिया मार्क टू' हापसा झाला नि देशभर गेला. हापश्याच्या पाण्यात कुणाचा पाय बुडत नाही. १९८३-८४ साली सरकारनं नारू निर्मूलनाचा कार्यक्रम काढला. पायविहिरींचे आड केले, पिसू मारायला पाण्यात टेमीफॉस टाकलं, नि घरोघरी सांगितलं, पाणी दाट फडक्यानं गाळून प्या. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूरकडं सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त ठरवला.

नारू गेला, पण पोटातले बाकीचे जंत नि आमांश गेले नाहीत. तुरटीनं गाळ बसतो, किडा मरत नाही. टीसीएल पावडरीनं पटकीचे जंतू मरतात, पण आमांशाच्या अमिबाचं कवच त्या मात्रेला दाद देत नाही. म्हणून दिंडीत टँकरचं पाणी आलं तरी आधी गाळा नि मग खळखळून उकळा. पाण्यात हात बुडवू नका, वगराळं वापरा.

चुलत्यांची वीणा आता माझ्या गळ्यात आहे. पडशीत टाळाशेजारी एक धुतलेलं फडकंबी असतं. तुमच्याबी असू द्या, माऊली.