सरधन्याची पंगत आणि इटालियन मेहुणा

दिल्लीच्या आसपास मराठ्यांच्या इतिहासाच्या खुणा शोधायच्या म्हटलं की आपण पानिपतला जातो, बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले ती जागा शोधतो. आज मात्र लढाई कमी आणि लग्नं जास्त. आजची गोष्ट प्रेमाची आहे, जेवणाच्या टेबलाची आहे आणि एका इटालियन जावयाची आहे. जागा आहे सरधना. मेरठपासून वीसएक किलोमीटरवरचं हे गाव आज एनसीआरमध्येच मोडतं.

आधी एक शंका दूर करतो. त्या काळात इटालियन इथे कुठून आले? महादजी शिंद्यांनी युरोपियन पद्धतीच्या कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा नोकरीच्या शोधात युरोपभरचे लोक हिंदुस्थानात येत होते. फ्रेंच होते, आयरिश होते, तसे इटालियनही होते. त्यातलं एक नाव मराठी माणसाने विसरू नये असं आहे. 1797 च्या अखेरीस पुण्यात नाना फडणवीसांना सुरक्षिततेचा शब्द देऊन नंतर कैद करणारा मायकेल फिलोझ हा नेपल्सचा. म्हणजे इटालियनांशी आपली ओळख पिझ्झ्याच्या पुष्कळ आधीची, आणि ती फारशी गोड नाही.

सरधन्याची जहागीर होती बेगम समरूची. मूळ नाव फरजाना. दिल्लीत नाचगाण्याच्या वस्तीत वाढलेली ही मुलगी वॉल्टर राइनहार्ट नावाच्या भाडोत्री युरोपियन सरदाराच्या घरात आली. त्याला लोक 'सोंब्र' म्हणत. त्याचं इथल्या जिभेवर 'समरू' झालं. 1778 मध्ये तो आग्र्याला वारला. फौजेने त्याचा मुलगा जफरयाब याला बाजूला ठेवलं आणि या जेमतेम साडेचार फूट उंचीच्या बाईला मानलं. 1781 मध्ये तिने आग्र्याला बाप्तिस्मा घेतला, नाव जोआना. बादशहा शाह आलमला तिने संकटात साथ दिली, आणि त्याने तिला आपली लेक म्हटलं. पुढे दिल्लीचा कारभार महादजींच्या हातात आला, तेव्हा त्यांनीही तिची जहागीर तिच्याकडेच राहू दिली. महादजी माणूस ओळखण्यात सहसा चुकत नसत.

आता जेवणाकडे येऊ. बेगमेची एक पद्धत होती. तिचे युरोपियन अधिकारी तिच्या टेबलावर जेवत. हे अधिकारी म्हणजे कुणी खानदानी नव्हते. कुणी जहाजावरून पळालेला, कुणी धड सहीसुद्धा करू न शकणारा. पण पगार थकला, मोहीम फसली, तरी संध्याकाळी मालकिणीबरोबर बसून चार घास खायला मिळतात ही गोष्ट त्यांना बांधून ठेवत होती. मी लष्करात आयुष्य काढलं आहे. ऑफिसर्स मेस म्हणजे नुसती जेवायची जागा नव्हे, हे कुठल्याही फौजी माणसाला सांगावं लागत नाही. ज्याच्याबरोबर रोज ताट लावलं, त्याला अडचणीत सोडून जाणं अवघड जातं.

मग बेगम प्रेमात पडली. माणूस फ्रेंच, नाव ल व्हासूल. शिकलेला, रीतभात जाणणारा, आणि अतिशय गर्विष्ठ. 1793 मध्ये तिने त्याच्याशी गुपचूप लग्न केलं. लग्न गुप्त राहिलं, पण परिणाम लपले नाहीत. नवऱ्याला या आडदांड अधिकाऱ्यांबरोबर एका टेबलावर बसायची किळस वाटे. बेगमेने समजावलं की यांना तोडू नकोस, यांच्यावरच आपलं सगळं उभं आहे. त्याने ऐकलं नाही. अधिकाऱ्यांची पंगत बंद झाली. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे हा सगळा प्रकार लिहून ठेवला आहे.

1795 मध्ये फौज फिरली. बेगम आणि ल व्हासूल रातोरात इंग्रजांच्या मुलखाकडे पळाले. दोघांनी ठरवलं होतं की जिवंत हाती लागायचं नाही. पाठलाग करणारे जवळ आले तेव्हा बेगमेने पालखीत स्वतःला खंजीर मारून घेतला. दासींचा आक्रोश आणि रक्ताने भिजलेलं वस्त्र पाहून ल व्हासूलने गोळी झाडून घेतली. तो मेला. ती वाचली. तिने मुद्दामच वार हलका केला, असं तेव्हाही बोललं गेलं आणि आजही बोललं जातं. पुरावा कुणाकडे नाही. एवढं मात्र नक्की, की तिला सरधन्याला परत आणून काही दिवस तोफेला बांधून ठेवलं होतं आणि जफरयाबला गादीवर बसवलं होतं.

तिला सोडवलं कुणी? तिच्याच टेबलावर एकेकाळी जेवलेल्या जॉर्ज थॉमसने. हा आयरिश खलाशी तिची नोकरी सोडून मराठ्यांच्या सरदाराकडे, आप्पा खंडेरावांकडे, गेला होता. तिचा निरोप मिळताच तो आला, आणि सहारनपूरचे मराठी सुभेदार बापूजी शिंदे यांची मदतही आली. बेगम परत जहागिरीवर बसली. त्यानंतर तिने पुन्हा कधी लग्न केलं नाही. पंगत मात्र पुन्हा सुरू केली, ती मरेपर्यंत.

1803 मध्ये मराठे हरले आणि इंग्रज दिल्लीत आले. तेव्हा ती जनरल लेकच्या भेटीला गेली. लेकसाहेबाचं जेवण आणि त्याबरोबरचं पिणं दोन्ही बरंच झालं होतं. त्याने पुढे होऊन सगळ्यांसमोर तिचं चुंबन घेतलं. तिची फौज थिजली. बेगमेने शांतपणे वळून आपल्या माणसांना सांगितलं की पाद्री आपल्या लेकीला असाच आशीर्वाद देतो. लेकच्या अंगावर लाल कोट आणि चेहरा दारूने लाल! पण तलवार उपसायची वेळ टळली. सरधना तिच्या हयातीपुरतं तिच्याकडे राहील असा करार इंग्रजांनी पुढे केला. त्या 'हयातीपुरतं' या शब्दातच पुढच्या सगळ्या गोंधळाचं बीज होतं.

म्हातारपणी तिचं घर इटालियनांनी भरलं. सरधन्याचं भव्य चर्च अंतोनिओ रेघेलिनी या इटालियन अधिकाऱ्याने बांधलं. त्यावर 1822 साल कोरलेलं आहे. 1834 मध्ये पोपने सरधन्यासाठी नेमलेला धर्माधिकारी ज्यूलियस सीझर स्कोत्ती, तोही इटालियन. नाताळाला मोठी प्रार्थना, मग मेजवानी, नाच, आतषबाजी असा तीन दिवसांचा सोहळा चाले आणि मेरठ-दिल्लीचे इंग्रज साहेब आवर्जून येत. चांदनी चौकातल्या तिच्या हवेलीतही टेबल मांडलेलं असेच. ती हवेली आज भगीरथ पॅलेस या नावाने विजेच्या सामानाचा बाजार झाली आहे. वायरी घ्यायला जाल तेव्हा मान वर करून खांब बघा.

मूलबाळ नव्हतं. तेव्हा जफरयाबचा नातू डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस याला तिने वाढवलं आणि वारस केलं. त्याला दोन बहिणी. 1831 मध्ये बेगमेने दोघींची लग्नं लावली. अॅन मेरीला दिलं कॅप्टन ट्रूपला. जॉर्जियानाला दिलं बेगमेच्या नोकरीत असलेल्या पाओलो सोलारोलीला. हा उत्तर इटलीतल्या नोव्हारा शहरातला, साध्या घरचा माणूस. हाच आपला इटालियन जावई.

27 जानेवारी 1836 ला बेगम वारली. सरधना इंग्रजांनी खालसा केलं. रोकड मात्र डेव्हिडला मिळाली. ती पाच लाख पौंडांच्या वर होती. बहिणींच्या वाट्याला ठरावीक रकमा आल्या. एका ताटात जेवलेल्या घरात खुसपूस सुरू व्हायला एवढं पुरेसं असतं.

डेव्हिड विलायतेला गेला. 1840 मध्ये लॉर्ड सेंट व्हिन्सेंटची मुलगी मेरी अॅन जर्व्हिस हिच्याशी लग्न केलं. 1841 मध्ये सडबरीतून पार्लमेंटवर निवडून आला आणि मतदारांना लाच दिल्याच्या कारणावरून 1842 मध्ये घरी बसला. इथपर्यंत विनोदी नाटक म्हणून चाललं असतं. पण बायकोने परपुरुषांशी मोकळेपणाने बोलावं, बाहेर जावं, हे त्याला सहन होईना. तो संशयाने पेटला. 1843 मध्ये लंडनमध्ये पंचांसमोर चौकशी झाली आणि त्याला वेडा ठरवण्यात आलं. त्याच्या बाजूने म्हणणं असं होतं, की हा वेडेपणा नाही, हिंदुस्थानातल्या जनान्याच्या वातावरणात वाढलेल्या माणसाचा हा मत्सर आहे. पंचांना ते पटलं नाही.

तो पॅरिसला पळाला. तिथल्या डॉक्टरांनी त्याला शहाणा ठरवलं. इंग्लिश खाडीच्या एका काठावर वेडा आणि दुसऱ्या काठावर शहाणा! 1849 मध्ये त्याने आपण वेडे नाही हे सांगणारं जाडजूड पुस्तक छापलं आणि मृत्युपत्र केलं: आपल्या पैशातून सरधन्यात, बेगमेच्या वाड्यात शाळा काढावी. 1851 मध्ये तो लंडनमध्ये वारला.

आता मेहुण्यांचा हिशेब पाहा. मृत्युपत्र खरं, तर पैसा शाळेला. मृत्युपत्र करणारा वेडा, तर ते रद्द आणि बहिणींचा वाटा पक्का. मृत्युपत्र टिकावं म्हणून ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली, विरोधात पत्नी आणि दोन्ही मेहुणे. 1856 मध्ये ते रद्द ठरलं. त्या खटल्याच्या नावातच ट्रूप आणि सोलारोली आहेत, आणि सोलारोलीच्या नावापुढे कायद्याच्या भाषेत नोंद आहे, 'मध्ये पडलेला पक्ष'. घरातल्या लुडबुडीला न्यायालयाने इतकं चोख नाव क्वचितच दिलं असेल. सोलारोली इटलीत जनरल झाला, पार्लमेंटात बसला, ब्रियोनाचा मार्क्वीस म्हणवला गेला. त्याला खलनायक म्हणायची मला घाई नाही. बायकोचा हक्क मागायला तो उभा राहिला असंही म्हणता येईल. पण एका माणसाचं शहाणपण त्याच्या वारसांच्या सोयीने ठरलं, ही गोष्ट मनाला खुपते. आपल्याकडे आजही जमिनीच्या वादात म्हाताऱ्या माणसाला 'डोकं ठिकाणावर नाही' म्हणणारे असतात. त्यांना बघितलं की मला डेव्हिड आठवतो.

बेगमेला जे कळलं होतं ते पुढच्या पिढीला कळलं नाही. परके, भांडखोर, लोभी लोक एका टेबलावर बसवून ती घर चालवत होती. लोक चांगले होते म्हणून नाही, रोज एकत्र बसत होते म्हणून. ल व्हासूलने पंगत मोडली आणि फौज गेली. ती गेल्यावर पंगत संपली आणि घर कोर्टात गेलं.

सरधन्याला जरूर जा. चर्चमध्ये रोमच्या आदामो तादोलिनी या शिल्पकाराने घडवलेली बेगमेची समाधी आहे. कॅरारा संगमरवराच्या अकरा माणसाएवढ्या मूर्ती आहेत आणि त्यात शोक करणारा डेव्हिडही आहे. त्याचे अवशेष 1867 मध्ये लंडनहून आणून इथेच पुरले. मग तिथून बेगमेच्या वाड्याकडे चालत जा. कोर्टाने त्याचं मृत्युपत्र फेटाळलं, मेहुण्यांनी वाटे नेले. त्या वाड्यात आज शाळा भरते.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.