फळ कच्चे खावे की शिजवून? मोरा बंदरासमोरच्या पाण्यातून निघालेल्या एका फौजेची कथा

१/ उरणजवळचे मोरा बंदर आज भाऊच्या धक्क्याच्या लाँचसाठी ओळखले जाते. उरण हा एके काळी पनवेल तालुक्याचा पेटा होता. मोऱ्यासमोर पसरलेल्या मुंबई बंदराच्या याच पाण्यातून १६ ऑक्टोबर १९१४ रोजी एक लष्करी तांडा इराणच्या आखाताकडे निघाला. त्यात सहाव्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड होती आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण.

२/ पुढे उरलेली डिव्हिजनही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पोहोचली. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की सैन्याने तिला कुत-अल-अमारा येथे वेढले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला.

३/ या वेढ्यात एक विलक्षण गोष्ट दिसून आली. मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला, तर कणीक खाणारे हिंदी शिपाई त्यातून वाचले. मात्र घोड्याचे मांस निषिद्ध मानल्याने हिंदी शिपायांनी ते बहुतांश काळ नाकारले आणि ताजी भाजीही मिळेना. त्यांच्या हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उघडू लागल्या. हा स्कर्व्ही होता. गोरे सैनिक घोड्याच्या ताज्या मांसामुळे त्यापासून बचावले.

४/ स्कर्व्हीवर लिंबू हा उपाय तर जगाला ठाऊक होता. वेढ्याबाहेरील फौजेला बाटलीबंद लिंबूरसही पुरवला जात असे. तरीही मेसोपोटेमियात हजारो हिंदी शिपाई आजारी पडले. असे का झाले?

५/ उत्तरासाठी १७४७ पर्यंत मागे जावे लागते. जेम्स लिंड या नौदलाच्या शल्यवैद्याने 'सॅलिसबरी' जहाजावर बारा रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. रोज दोन संत्री आणि एक लिंबू खाणारे दोघे झपाट्याने सुधारले.

६/ पण ताजी फळे लांबच्या सफरीत टिकत नसत. म्हणून लिंडनेच रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून घट्ट पाक करण्याची कृती सुचवली. पाक टिकला, गुण मात्र बहुतांश उडून गेला. ज्याने फळाचे सामर्थ्य दाखवून दिले, त्याच्याच कृतीने ते नाहीसे झाले! १७९५ पासून ब्रिटिश नौदलाने न शिजवलेला लिंबूरस सरसकट देण्यास आरंभ केला, तेव्हा स्कर्व्ही हटला.

७/ एकोणिसाव्या शतकात नौदलाने भूमध्य समुद्राकाठचे मोठे पिवळे लिंबू सोडून वेस्ट इंडीजचे लहान हिरवे लिंबू स्वीकारले. आंबट दोन्ही, त्यामुळे गुणही सारखाच असावा, असा समज होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-संशोधकांनी प्राण्यांवर प्रयोग केले. हिरव्या लिंबाचा ताजा रस पिवळ्याच्या सुमारे एक चतुर्थांशच गुणकारी ठरला आणि साठवलेला रस तर जवळजवळ निरुपयोगी. गुण आंबटपणात नव्हताच.

८/ याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. कोरड्या कडधान्यात हा गुण नाही. पण ती भिजवून मोड आणली की तो निर्माण होतो. मात्र मोड आलेले धान्य थोडाच वेळ शिजवावे. शिधा म्हणून मिळणाऱ्या डाळीसाळींऐवजी अख्खी कडधान्ये आणि थोडे पाणी असते, तरी शिपायांना औषध मिळाले असते. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातील उसळीचे हे सामर्थ्य पुण्याच्या नावाच्या डिव्हिजनला वेळेवर लाभले नाही.

९/ २९ एप्रिल १९१६ रोजी कुतने शरणागती पत्करली. पुढे १९३२ मध्ये त्या अदृश्य द्रव्याची ओळख पटली. ते होते क जीवनसत्त्व. उष्णता, हवा आणि तांब्याचा संपर्क यांनी ते नष्ट होते. शिवाय शिजवताना पाण्यात उतरते.

१०/ मग फळ कच्चेच उत्तम का? क जीवनसत्त्वापुरते, होय. पण टोमॅटोतील लाल रंगद्रव्य, लायकोपीन, शिजवल्यावर शरीराला अधिक सहज मिळते. तेव्हा फळातून नेमके काय हवे आहे, हे आधी विचारावे लागते. हा प्रश्न न विचारता भरलेल्या बाटल्यांची किंमत कोकण-देशावरच्या शिपायांनी मोजली.