आर्किया : वर्गीकरण आणि नामकरण

रूप सारखे पण वंश निराळा, किंवा वंश एक पण रूप निराळे, हा अनुभव भाषांच्या अभ्यासकास नवा नाही. मराठीत 'जमीन', 'दरवाजा', 'शहर' असे फारसीतून आलेले शब्द पदोपदी भेटतात. तथापि मराठीचे कूळ ठरविताना आपण त्यांचा आधार घेत नाही. सर्वनामे, संख्यावाचके, क्रियापदांचे प्रत्यय, म्हणजे जे सहसा उसने घेतले जात नाही, त्यावरून कुळाचा निर्णय होतो. सूक्ष्मजीवांच्या क्षेत्रात ह्याच जातीचा विचार १९७० च्या दशकात फलद्रूप झाला आणि 'आर्किया' हा स्वतंत्र जीवसमूह उजेडात आला. ह्या समूहाची लक्षणे व प्रकार कोणते, ते कसे निश्चित झाले, आणि नामकरणाने त्यात कोणता घोटाळा उत्पन्न केला, ह्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. प्रस्तुत लेखक जीवशास्त्रज्ञ नाही. वर्गीकरण आणि नाव ह्यांचा परस्परसंबंध हा त्याच्या आस्थेचा विषय आहे.

ह्या समूहातील जीव विज्ञानास अगदीच अपरिचित होते असे नाही. दलदलीतून निघणारा ज्वलनशील वायू व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी गोळा केला होता. तो वायू म्हणजे मिथेन, आणि तो निर्माण करणारे सूक्ष्मजीव पुढे जीवाणू म्हणून नोंदले गेले. खारविलेल्या मासळीवर लाली आणणारे लवणप्रिय सूक्ष्मजीवही जीवाणूच गणले गेले. १९७० मध्ये धुमसत्या कोळशाच्या टाकाऊ ढिगातून 'थर्मोप्लाझ्मा', आणि १९७२ मध्ये उष्ण, आम्लयुक्त झऱ्यांतून 'सल्फोलोबस' ह्यांचे वर्णन झाले. हे सर्व जीव एकमेकांचे आप्त असतील अशी शंका घेण्यास त्या वेळी कोणतेच कारण दिसत नव्हते.

ह्याचे मूळ तत्कालीन वर्गीकरणात होते. एदुआर शातों ह्यांनी १९२५ मध्ये सजीवांचे दोन भाग सुचविले : ज्यांच्या पेशीत सुस्पष्ट केंद्रक असते ते, आणि ज्यांच्या पेशीत ते नसते ते. १९६२ मध्ये स्टेनियर व व्हान नील ह्यांनी ह्या भेदास सैद्धांतिक बैठक दिली आणि तो पाठ्यपुस्तकांत स्थिर झाला. परंतु दुसरा भाग मुख्यतः अभावावर उभा होता. अभाव हे वेगळेपणाचे गमक होऊ शकेल. आप्तसंबंधाचे प्रमाण होऊ शकत नाही. भारतातील ज्या भाषा आर्यकुळातील नाहीत त्या सर्व एकाच कुळातील होत, असे म्हटल्यास द्राविडी आणि मुंडा भाषांची एकत्र मोट बांधावी लागेल. भाषाविज्ञानाने टाळलेली ही चूक जीवशास्त्रात काही काळ प्रमाण म्हणून वावरत होती.

रेणूंच्या रचनेत वंशाचा इतिहास साठविलेला असतो, हा विचार झुकरकँडल व पॉलिंग ह्यांनी १९६५ मध्ये मांडला. इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वूझ ह्यांनी त्याचा उपयोग सूक्ष्मजीवांच्या वंशावळीसाठी करण्याचे ठरविले. त्यांना असा रेणू हवा होता, की जो प्रत्येक सजीवात असेल, सर्वत्र एकच कार्य करीत असेल आणि अत्यंत मंद गतीने बदलत असेल. प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमातील १६-एस आर.एन.ए. हा सुमारे १,५०० घटकांचा रेणू ह्या अटी पुरवीत होता. भाषेच्या मूलभूत शब्दसंग्रहाचे जे स्थान, तेच येथे ह्या रेणूचे. त्या काळी संपूर्ण रेणू सलग वाचण्याची सोय नव्हती. म्हणून तो विकराच्या साहाय्याने ठराविक जागी तोडावयाचा, किरणोत्सर्गी फॉस्फरसामुळे फिल्मवर उमटलेले तुकड्यांचे ठसे पाहून प्रत्येक तुकड्याचा क्रम ठरवावयाचा, आणि एका जीवाची यादी दुसऱ्याच्या यादीशी ताडून पाहावयाची, असे हे अत्यंत कष्टाचे काम होते.

१९७६ मध्ये त्यांचे सहकारी राल्फ वुल्फ ह्यांच्या प्रयोगशाळेत वाढविलेला मिथेनजनक जीव ह्या परीक्षेस बसला. जीवाणूंच्या याद्यांत हटकून आढळणारे कित्येक तुकडे त्याच्या यादीत नव्हते. तो केंद्रकयुक्त जीवांच्या गटातही बसत नव्हता. इतर मिथेनजनकांची तपासणी झाल्यावर वूझ व जॉर्ज फॉक्स ह्यांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की सजीवांच्या मूळ शाखा दोन नसून तीन आहेत. वृत्तपत्रांनी ही वार्ता ठळकपणे छापली. अनेक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मात्र ती बराच काळ स्वीकारली नाही.

पुढील काही वर्षांत लवणप्रिय जीव, 'सल्फोलोबस' व 'थर्मोप्लाझ्मा' हेही त्याच शाखेतील ठरले, आणि स्वतंत्र साधनांनी मिळालेल्या पुराव्याची जोड तिला लाभली. जीवाणूंच्या पेशीभित्तीत असणारे पेप्टिडोग्लायकन ह्या जीवांत नसते, हे म्यूनिकचे ओटो कांडलर ह्यांच्या संशोधनातून दिसून आले. व्होल्फ्राम त्सिलिख ह्यांना त्यांचा आर.एन.ए. घडविणारा विकर केंद्रकयुक्त जीवांच्या विकराशी मिळताजुळता आढळला. सर्वांत निर्णायक लक्षण पेशीपटलाचे. जीवाणू आणि केंद्रकयुक्त जीव ह्यांच्या पटलातील मेदद्रव्यात ग्लिसरॉलाशी मेदाम्ले एस्टर बंधाने जोडलेली असतात. आर्कियांत त्या जागी आयसोप्रीनपासून बनलेल्या शाखायुक्त साखळ्या ईथर बंधाने जोडलेल्या असतात. लवणप्रिय जीवांतील हे वैचित्र्य मॉरिस केट्स ह्यांनी कॅनडात १९६० च्या दशकातच दाखविले होते. पण त्याकडे परिस्थितीशी झालेले जुळवून घेणे म्हणून पाहिले गेले. पुरावा हाती होता, त्यास योग्य प्रश्न विचारला गेला नव्हता.

आता प्रकारांकडे वळू. राहणीवरून पाहता मिथेनजनक, लवणप्रिय आणि उष्णताप्रिय असे तीन प्रकार सांगण्याची पद्धत आहे. मिथेनजनक प्राणवायूविरहित जागी राहतात. दलदल, गाईचे पोट आणि आपल्याकडील गोबरगॅसची टाकी ही त्यांची वसतिस्थाने होत. लवणप्रिय जीव मिठागरांसारख्या अतिक्षार पाण्यात वाढतात. उष्णताप्रियांपैकी एक मिथेनजनक १२२ अंश सेल्सियसलाही वाढतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हे प्रकार परस्परांपासून पुरते वेगळेही नाहीत. शिवाय ही विभागणी वृत्तीवरून झालेली आहे, वंशावरून नव्हे. 'थर्मोप्लाझ्मा' आणि 'सल्फोलोबस' दोघेही उष्ण आम्लात राहतात. तरी वंशावळीत पहिला मिथेनजनक व लवणप्रिय ह्यांच्या शाखेत पडतो आणि दुसरा निराळ्या शाखेत. एकाच बाजारपेठेत वावरल्याने दोन भाषा सगोत्र होत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

नावाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. १९७७ च्या लेखात ह्या शाखेस तात्पुरते म्हणून 'आर्किबॅक्टेरिया', म्हणजे प्राचीन जीवाणू, असे नाव दिले होते. मिथेनजनकांची जीवनपद्धती तीन-चार अब्ज वर्षांपूर्वीच्या पृथ्वीच्या परिस्थितीस अनुरूप वाटली, हे त्याचे कारण. हे जीव जीवाणू नव्हेत असे प्रतिपादणाऱ्या लेखानेच त्यांना जीवाणू हे उपपद द्यावे, ही विसंगती तेरा वर्षे टिकली. १९९० मध्ये वूझ, कांडलर व व्हीलिस ह्यांनी ते उपपद गाळून 'आर्किया' हे नाव सुचविले, आणि त्यात दोन विभाग केले : 'युरिआर्किओटा' व 'क्रेनार्किओटा'. ग्रीक 'युरीस' म्हणजे विस्तृत आणि 'क्रेने' म्हणजे झरा किंवा उगम. उगमाविषयीचे अनुमान नावात पुन्हा एकदा शिरले.

वस्तुस्थिती मात्र नावाच्या पुढे धावत राहिली. १९९२ मध्ये साध्या सागरजलातही आर्किया असल्याचे दिसले, आणि २००५ मध्ये अमोनियावर जगणारा असा एक जीव प्रयोगशाळेत वेगळा करण्यात आला. तेव्हा हे जीव आदिम परिस्थितीचे अवशेष होत, ह्या कल्पनेस आधार उरला नाही. १९९६ मध्ये एका मिथेनजनकाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला : माहितीची नक्कल व भाषांतर करणारी त्याची बहुतेक जनुके केंद्रकयुक्तांशी जवळची, तर चयापचयाची बहुतेक जीवाणूंशी जवळची निघाली. सूक्ष्मजीव परस्परांकडून जनुके घेतात. भाषेतील शब्दांच्या उसनवारीसारखीच ही क्रिया आहे.

आक्षेपही दुर्लक्षणीय नव्हते. अर्न्स्ट मायर ह्यांनी १९९८ मध्ये जुन्या द्विविभागाचा पक्ष घेतला. वर्गीकरणात केवळ वंश नव्हे, तर रचनेतील अंतरही मोजले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. उलट जेम्स लेक ह्यांनी १९८४ मध्येच केंद्रकयुक्त जीवांचा उगम ह्याच समूहाच्या एका शाखेशी जोडला होता. २०१५ मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळातील गाळातून 'लोकिआर्किओटा' ह्या समूहाचा जनुकीय पुरावा मिळाला, आणि २०२० मध्ये त्याच्या आप्तापैकी एका जीवाची प्रयोगशाळेतील वाढ जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केली. ह्या पुराव्याने लेक ह्यांच्या दिशेस बळ आले. तो ग्राह्य धरल्यास केंद्रकयुक्त जीव, म्हणजे आपणही, आर्कियांतूनच फुटलेली फांदी ठरतो.

ह्या इतिहासाचा आपल्या परिभाषेशी प्रत्यक्ष संबंध आहे. ह्या संज्ञेस मराठी पर्याय शोधू लागल्यास 'आदिजीवाणू' हा शब्द प्रथम सुचेल. तो सुबोध आहे, आणि म्हणूनच घातक आहे. त्यातील 'जीवाणू' हे पद १९९० मध्ये मागे घेतलेली चूक मराठीत कायम करील, आणि 'आदि' हे पद सिद्ध न झालेले प्राचीनत्व विद्यार्थ्याच्या गळी उतरवील. परका शब्द निदान चुकीचे काही सांगत नाही. 'आर्किया' हे ग्रीकातील अनेकवचन असले तरी मराठीत 'काका', 'मामा' ह्यांच्याप्रमाणे दोन्ही वचनांत अविकृत ठेवता येईल आणि 'आर्कियांचा', 'आर्कियांना' अशी रूपे विनासायास होतील. पारदर्शक संज्ञा घडविण्याची आपली हौस स्तुत्य आहे. पण संज्ञेतून जे आरपार दिसते ते खरे आहे किंवा नाही, ह्याची शहानिशा आधी झाली पाहिजे. ती होईपर्यंत 'आर्किया' हाच शब्द वापरणे इष्ट होय.