दोन अर्थांची यंत्रे

श्लेष अलंकार शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की शब्द एकच असतो, अर्थ दोन असतात आणि त्यांतला कोणता घ्यावयाचा हे प्रकरणावरून ठरते. यंत्रांच्या जगातही असा श्लेष असतो, हे आमच्या फार उशिरा ध्यानी आले. दुधाची भुकटी करणारे यंत्र रोगजंतूंचीही भुकटी करू शकते. व्यापारी जहाजाचा प्रोपेलर घडविणारे यंत्र पाणबुडीचाही घडविते. अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तू कोणाला विकू नयेत हे ठरविणाऱ्या निर्यातनियंत्रण कायद्यांची अंमलबजावणी म्हणजे एका अर्थी श्लेषाचा उलगडाच होय. तो चुकला म्हणजे काय घडते, याची दोन उदाहरणे एकट्या जपानच्या इतिहासात सापडतात.

शीतयुद्धाच्या आरंभी, १९४९ मध्ये, अमेरिका आणि तिच्या मित्रराष्ट्रांनी ‘कोकॉम’ नावाची समिती स्थापन केली. तिचे कार्यालय पॅरिसमध्ये होते. कम्युनिस्ट राष्ट्रांना काय विकावयाचे नाही याची यादी ती करी. यादी पाळण्याचे काम मात्र त्या त्या देशाच्या कायद्यावर आणि कचेऱ्यांवर सोपविलेले असे. म्हणजे अखेर सारी भिस्त परवान्याच्या अर्जातील मजकुरावर.

या मजकुरातच पहिली गोम होती. तोशिबा मशीन या जपानी कंपनीने लेनिनग्राडच्या बाल्टिक गोदीला चार प्रचंड मिलिंग यंत्रे विकली. त्यांचे संगणकीय नियंत्रक नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीचे होते. यंत्रे नऊ अक्षांवर चालणारी होती. अर्जात ती दोन अक्षांची, म्हणून निर्यातीस मोकळी, अशी दाखविली गेली. अशा यंत्रावर प्रोपेलरची पाती इतकी नेमकी घडविता येतात की पाण्यात ती फारच कमी आवाज करतात, आणि पाणबुडीचा ठाव तर तिच्या आवाजावरूनच लागतो. कागदावर दोन आणि गोदीत नऊ, हा फरक कोणत्याही अधिकाऱ्याच्या नजरेस आला नाही.

तो उघड केला मध्यस्थ व्यापारी कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने, डिसेंबर १९८५ मध्ये थेट कोकॉमला पत्र लिहून. विचारणा झाली, कंपनीने इन्कार केला आणि जपानच्या व्यापार मंत्रालयाने तो मान्यही केला. पुढे पुरावे वाढले आणि १९८७ मध्ये स्फोट झाला. अमेरिकी संसदेच्या प्रांगणात काही लोकप्रतिनिधींनी तोशिबाचा रेडिओ घणांनी फोडला. मूळ तोशिबा कंपनीचे अध्यक्ष आणि चेअरमन यांनी राजीनामे दिले. १९८८ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने तोशिबा मशीनला वीस लाख येन दंड केला; दोन अधिकाऱ्यांना झालेली कैद स्थगित ठेवली. सोव्हिएत पाणबुड्यांचा आवाज या यंत्रांमुळेच घटला की काय, हा वाद मात्र राहिला. आवाज घटण्यास त्यापूर्वीच आरंभ झाला होता, आणि १९८५ मध्ये पकडला गेलेला अमेरिकी नौदलातील हेर जॉन वॉकर अनेक वर्षे मॉस्कोला गुपिते पुरवीत होता. घण मात्र रेडिओवर पडला.

जपानने १९८७ मध्येच कायदा कडक केला. नेमका हाच कडकपणा पुढे दुसऱ्या टोकाला गेला.

मार्च २०२० मध्ये टोकियो पोलिसांनी योकोहामाच्या ओकावारा काकोकी या कंपनीच्या प्रमुखांसह तिघांना अटक केली. कंपनी द्रवाची फवारणी करून भुकटी बनविणारी यंत्रे करते. दूध, कॉफी, औषधे अशा कामांची. ती परवान्यावाचून चीन आणि दक्षिण कोरियाला पाठविली, हा आरोप. नियमाप्रमाणे, यंत्राचा अंतर्भाग जागच्या जागी निर्जंतुक करता येत असेल तरच त्यास परवाना लागतो. ‘निर्जंतुक करणे’ म्हणजे नेमके काय, याचा खुलासा मात्र नियमात पुरेसा नव्हता. रिकामे यंत्र तापविले की जंतू मरतात, असा अर्थ पोलिसांनी लावला. व्यापार मंत्रालयही प्रथम या अर्थास अनुकूल नव्हते. यंत्रातील काही भाग तेवढे तापतच नाहीत, असे कंपनीची माणसे सांगत होती. तपास तिकडे वळला नाही.

तिघांपैकी दोघे सुमारे अकरा महिने डांबले गेले. तिसऱ्या, वृद्ध सल्लागारांना कोठडीत पोटाचा कर्करोग असल्याचे आढळले; जामीन वारंवार नाकारला गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते आरोपी म्हणूनच वारले. जुलैमध्ये, सुनावणी सुरू होण्याच्या तोंडावर, सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला. २०२३ मध्ये नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याच पोलीस खात्यातील एका अधिकाऱ्याने, प्रकरण रचलेले होते, अशी साक्ष दिली. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयानेही तपास बेकायदा ठरविला.

एकदा राज्ययंत्रणेने नऊ अक्षांचे दोन मानले. दुसऱ्यांदा भुकटीच्या यंत्रात शस्त्र पाहिले. पहिल्या वेळी ढिलाई होती, दुसऱ्या वेळी अतिउत्साह. पण दोन्ही वेळी यंत्राविषयी खरे सांगणारी माणसे उपलब्ध होती, आणि त्यांचे ऐकून घेण्याची सोय यंत्रणेपाशी नव्हती. आमच्या मते अंमलबजावणीचे खरे मर्म येथे आहे. यंत्र ओळखणारा अधिकारी हवा, आणि ‘तुमचा अर्थ चुकतो आहे’ असे त्याला वरिष्ठांस निर्भयपणे म्हणता आले पाहिजे. शिक्षेची वर्षे वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

आपल्याकडे हा विषय बरीच वर्षे पलीकडच्या तीरावरून पाहिला गेला. अमेरिकेने हवा तो महासंगणक नाकारला, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम’ तयार झाला, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. परंतु कोकॉम १९९४ मध्ये विसर्जित झाल्यावर तिच्या जागी आलेल्या वासेनार व्यवस्थेत भारत डिसेंबर २०१७ पासून सभासद आहे, आणि ‘स्कोमेट’ ही आपली स्वतःची यादी आहे. चिंचवडच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या कारखानदाराच्या अर्जातील शब्दांचा अर्थ आता आपल्याच कचेऱ्यांत लागणार. नकाराचा जाच सोसलेल्यांनी तो अर्थ अधिक जबाबदारीने लावावा, ही अपेक्षा गैर नव्हे.

ऑगस्ट २०२५ मध्ये पोलीस आणि सरकारी वकिलांच्या खात्यातील वरिष्ठ अधिकारी त्या सल्लागारांच्या समाधीवर माफी मागण्यास गेले. माफी स्वीकारते, पण क्षमा करता येणार नाही, असे त्यांच्या पत्नीने सांगितले.